आबांच्या फोनवर येणारा आकडा

कूलरच्या गवताला मोसमातलं पहिलं पाणी लागलं की एक वास सुटतो. भिजलेल्या कडब्याचा, थोडा मातीचा, थोडा गंजक्या पत्र्याचा. आमच्या घरमालकीणबाई होळी झाली की गच्चीवरचा कूलर उतरवून घेतात, तिन्ही बाजूंना नवं गवत बसवतात आणि आमच्या खिडकीला लावून देतात. यंदा त्यांना उशीर झाला, मे उजाडल्यावर परवा लावला. भर दुपार होती, मी गणितं सोडवत बसले होते. तो वास आला आणि मला एकदम फोन हातात घ्यावासा वाटला. रेंज आहे का ते बघावंसं वाटलं. माझ्या फोनला नव्हे, आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या.

गेल्या उन्हाळ्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. पण त्यात सांगण्यासारखं काय घडलं, हे माझं मलाच नीट उमगत नाही. कोणी वाईट वागलं नाही. कोणी कोणाला फसवलं नाही. पुण्यातल्या एका कॉलेजात मला एम.एस्सी.ची जागा मिळाली होती. ती हातात आली आणि गेली. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे अशी जागा मिळणं म्हणजे काय हे जसं कोणाला ठाऊक नव्हतं, तसं जाणं म्हणजे काय हेही नव्हतं. मला एकटीलाच ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात मला सगळ्यात जड तेच गेलं असावं.

चिकलठाण्याला, जालना रोडपासून थोडं आत आमची खोली. मी आणि सना दोघी राहतो. सना खुलताबादची, कॉम्प्युटरची विद्यार्थिनी. विमान उतरायला लागलं की खिडकीची काच थरथरते. तेवढा वेळ बोलणं थांबवायचं आणि ते गेलं की उरलेलं वाक्य पुरं करायचं, ही सवय आम्हाला इतकी लागली आहे की गावी गेल्यावरही मी मधेच थांबते. उन्हाळ्यात दुसरी सवय पाण्याची. नळ कधी येईल याचा नेम नसतो. येणार अशी कुणकुण लागली की गल्लीतलं कोणी घर सोडत नाही. ड्रम, बादल्या, पातेली, कॉलेजला न्यायच्या बाटल्यासुद्धा रांगेत लागतात. हे पाणी पैठणकडून येतं, जायकवाडीचं. आणि आबा उन्हाळ्यात असतात ते त्याच पाण्याच्या काठावर. धरण उतरलं की मागे उघडा पडलेला गाळ असतो, त्यावर हिरवं उगवतं, तिथे आमची मेंढरं चरतात. नळाखाली बादली धरली की मला वाटायचं, या पाण्याला आपल्या मेंढरांनी तोंड लावलेलं असणार. सनाला हे सांगितलं तेव्हा ती हातातला पेला बघत म्हणाली, "अभीच पी ना मैं." मग दोघी हसलो.

पण हे तिला सांगायलासुद्धा मला दोन वर्षं लागली. आम्ही मेंढपाळ. पीक निघालं की शेतकरी आबांना बोलावतात. रात्रभर मेंढरं शेतात बसवायची, त्या लेंड्यांचं खत होतं, त्याबदल्यात धान्य मिळतं. असं एकेक शेत करत आबा आणि काका दिवाळीनंतर जे निघतात ते मिरग लागेपर्यंत फिरतीवर. आई आणि आजी गावी. कॉलेजात कोणी विचारलं, घरी काय करतात, तर मी 'शेती' म्हणायचे. अगदी खोटं नव्हतं. मेंढरं शेतातच बसतात.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. निदान मोठ्याने तरी नाही. कोणी विचारलं, किती हायेत, तर आबा म्हणतात, "हायेत देवाची." पुन्हा विचारलं तर विषय बदलतात. पाऊसपाणी काढतात, समोरच्याच्या बैलाचं विचारतात. आकडा तोंडातून गेला की कळपाला लागतो, असं मानतात. संध्याकाळी कळप परतला की आबा नुसते उभे राहून बघतात आणि म्हणतात, "ती कानफाटी दिसंना." खरोखरच ती मागे ओढ्यात राहिलेली असते. मोजल्याशिवाय कळतं कसं, हे मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही भावंडं घरात हाव का नाय, ते काय मी मोजून बघतो का?"

आणि मी शिकले संख्याशास्त्र. पहिल्या वर्षाला विषय निवडला तेव्हा मी आबांना घाबरत सांगितलं, की यात मोजायचंच असतं सगळं. त्यांनी बराच विचार केला. मग विचारलं, "लोकाचंच मोजायचं नं?" मी हो म्हणाले. "मग मोज," म्हणाले.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कळपात रोग आला. मेंढरांच्या तोंडाला फोड यायचे, चरणं सुटायचं. काकांनी फोन केला, की बघ तुझ्या त्या इंटरनेटवर काय औषध हाय का. लॅपटॉप एकच, सनाच्या भावाने वापरून सोडलेला, आम्ही दोघी वापरायचो. मी दोन दिवस त्यावर मेंढ्यांचे रोग शोधत बसले. शेवटी पैठणच्या जनावरांच्या डॉक्टरनेच इंजेक्शनं दिली आणि रोग आटोक्यात आला. पण लॅपटॉप मात्र ते विसरायला तयार होईना. बातमी उघडली की बाजूला मेंढ्यांचं खाद्य. कवितेचं पान उघडलं तरी खाली जंतनाशक. सनाला तिच्या अभ्यासात लोकर कातरायची मशीन दिसायला लागली. ती म्हणाली, "ये क्या चालू है गे?" मी म्हणाले, माहीत नाही.

मग कॉलेजात सेमिनार आला. मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उभी राहून बोलत होते. बरं चाललं होतं. पावसाची आकडेवारी दाखवायला मी एक पान उघडलं आणि मागच्या भिंतीवर, आकड्यांच्या शेजारी, माझ्यापेक्षा मोठा, वाकड्या शिंगांचा एक मेंढा उभा राहिला. खाली लिहिलेलं, आजच मागवा. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "संगीता, बोकड किती किलोचा हाय?" सगळे हसले. सरही ओठ दाबून खाली बघत होते. बोकड नाही, मेंढा आहे, एवढं सांगावं असं मला फार वाटलं. पण ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी खोलीवर येऊन मी सनाला सगळं सांगितलं. मेंढरं, आबा, फिरती, सगळं. ती कांदा चिरत होती, चिरतच राहिली. मग म्हणाली, "इसमें छुपाने का क्या था? मेरे अब्बा तो दर्गे के बाहर फूल बेचते." तिच्या अब्बांचं खुलताबादला फुलांचं आणि चादरींचं छोटं दुकान आहे. ती सांगायची, लांबलांबून माणसं येतात, दुकानाशी बसतात, रडतातसुद्धा. पण मन्नत कसली आहे हे अब्बांनी आजवर कोणाला विचारलं नाही. पाणी देतात, फुलं देतात. आपण विचारलं की त्यातली बरकत जाते, म्हणतात. मला आबांची आठवण झाली. हे दोघे एका झाडाखाली बसले तर दिवसभर एकमेकांना काहीही न विचारता सुखाने बसतील, असं वाटलं.

कांदा टाकून सनाने लॅपटॉप ओढला. "तेरेकू दूसरा ब्राउझर डालके देती," म्हणाली. "कोई पीछे नहीं आता उसमें."

त्या ब्राउझरचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतर ज्यांना सांगितलं त्यांनीही नव्हतं. कुठल्या मोठ्या कंपनीचा नाही, जगभरच्या चार हौशी लोकांनी मिळून केलेला, असं ती म्हणाली. उघडला तर पांढरं, रिकामं पान. ना बातम्या, ना जाहिराती, ना माझं नाव. पहिल्यांदा मला वाटलं, बिघडलाय. सना म्हणाली, असाच असतो, आता तुला हवा तसा कर.

मला हवा तसा. हे वाक्य मला नवीन होतं. शाळेत गणवेश, वसतिगृहात पलंग, खोलीत मालकीणबाईंचं कपाट, सगळं आधीच ठरलेलं, आपण त्यात मावायचं. इथे उघडलेल्या पानांची नावं वर हवीत की डाव्या बाजूला, हे मला विचारत होते. मी डाव्या बाजूला घेतली. रंग विचारला. मी घोंगडीसारखा, काळ्यावर करडी रेघ असलेला निवडला. मग सेटिंगमध्ये गेले. तिथे एकाखाली एक कितीतरी बटणं होती. या साइटला तुमच्याबद्दल लक्षात ठेवू द्यायचं का? नाही. तुम्ही कुठे आहात हे सांगायचं का? नाही. तुमचा कॉम्प्युटर कुठला आहे हे कळू द्यायचं का? नाही. बंद केल्यावर सगळं पुसून टाकायचं का? हो. प्रत्येक बटणाबरोबर मला आतून बरं वाटत गेलं. 'हायेत देवाची' म्हणण्यासारखं होतं ते. शेवटी सना म्हणाली, "बस कर. सबकुछ बंद करेगी तो चलेंगा क्या?" मी ऐकलं नाही.

मी लहान असताना सुट्टीत तळावर जायचे. तिथे दार नसतं. आडोसा म्हणजे घोंगडी टाकलेली चार लाकडं आणि पलीकडे घोडं बांधलेलं. कोण काय करतंय हे सगळ्यांना दिसतं. मला वाटायचं, माणसाला दार असलं पाहिजे. शहरात आल्यावर दार मिळालं, पण आत बसलेल्या मला कोणीतरी बघत होतंच. त्या रिकाम्या पानावर मला वाटलं, हे आपलं पहिलं दार. मी रोज त्यात काहीबाही शोधायचे. भूक लागत नाही तेव्हा काय करावं. पुण्यात मराठवाड्यातल्या मुलींना खोली देतात का. इंग्रजी बोलताना घाम येतो. बंद केलं की सगळं पुसून जायचं. दुसऱ्या दिवशी तो मला ओळखायचा नाही. हेच मला आवडायचं.

पुण्याच्या प्रवेशाची यादी मे महिन्यात लागली. माझं नाव होतं. नाव बघताना कूलर चालू होता, लाइट गेली, कूलर थांबला, आणि त्या शांततेत मी सनाला म्हणाले, आहे. तिने मला मिठी मारली. दोघींना घाम आला होता.

आता करायचं एवढंच होतं, की आठवडाभरात त्यांच्या साइटवर जाऊन जागा स्वीकारायची. एक बटण दाबायचं. त्यासाठी आधी आत जायचं, आणि आत जायला मोबाईलवर येणारा आकडा टाकायचा. मोबाईल आबांचा होता. नाव नोंदवताना तिथे पालकांचा नंबर विचारला होता, म्हणून मी तोच दिला. माझा नंबर द्यावा हे सुचलंही नाही. पहिल्या वर्षापासून सगळीकडे आबांचाच नंबर आहे. कॉलेजचा मेसेज आला की ते तो पुसत नाहीत, कोणाकडून वाचूनही घेत नाहीत. नुसता ठेवतात. त्यांना आकडे तेवढे वाचता येतात.

त्या आठवड्यात आबांचा फोन लागत नव्हता. कळप पाण्याच्या अगदी कडेला गेला होता, तिथे रेंज नाही, आणि चार्जिंगला काका चार दिवसांनी एकदा पैठणच्या बाजूला जातात. मी रोज फोन लावायचे. ती बाई रोज त्याच आवाजात सांगायची, आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता. नोंदवलेल्या फोनशिवाय त्या साइटवर नंबर बदलता येत नव्हता. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षाही चालू होती. पेपर लिहून बाहेर आले की उन्हात उभी राहून फोन लावायचे. शेवटच्या दिवशी कळप वरच्या एका रानात आला, तेव्हा दुपारी तो लागला.

आबांना मी सगळं सांगितलं. तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तो मला लगेच सांगायचा. ते हो म्हणाले आणि जवळच्या टेकाडावर गेले, तिथे रेंज बरी येते. मी माझा घोंगडीच्या रंगाचा ब्राउझर उघडला, नाव टाकलं, आणि फोन लावला.

"आला का, आबा?"

"आलाय."

"सांगा."

मग आबा एकदम मोठ्या, परक्या आवाजात म्हणाले, "हे मालक बी हायेत हितं. त्यांच्याच रानात बसवलीत मेंढरं." पलीकडून कोणीतरी रामराम म्हणालं.

"आबा, तो आकडा सांगा ना."

"व्हय, व्हय. ऊन लई हाय हिकडं. जेवलीस का तू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. परक्या माणसासमोर आबा आकडा सांगणार नव्हते. आणि हे नुसतं त्यांच्या जुन्या वळणाचं नव्हतं. दिवाळीत मीच त्यांना समोर बसवून शिकवलं होतं, की फोनवर आकडा आला तर तो कोणाहीसमोर बोलायचा नाही, गावात एकाला असंच फसवलं आहे. इतर सगळं मला त्यांना दोनदोनदा समजवावं लागतं. हे एकदा सांगून समजलं होतं. शहरातली एक तरी गोष्ट त्यांच्यासारखी निघाली म्हणून त्यांना बरंही वाटलं असावं.

मी म्हणाले, आबा, मालकांसमोर चालेल, सांगा. ते म्हणाले, "सांगतो की मागून." शेतमालकाला एकदम उठा म्हणता येत नाही. त्याच्या रानात आपण बसलेलो. आबा त्याच्याशी उसाचं काहीतरी बोलत राहिले आणि मी कानाला फोन धरून ऐकत राहिले. इकडे पडद्यावर काहीच हलत नव्हतं. मला वाटलं अडकलं. मी ब्राउझर बंद केला आणि पुन्हा उघडला.

त्याने मला ओळखलं नाही. मी सांगितल्याप्रमाणेच तो वागला. सगळं पुसून बसला होता. नाव पुन्हा टाकलं तर साइट म्हणाली, हा नवा कॉम्प्युटर दिसतो, नवा आकडा पाठवला आहे. तेवढ्यात आबा मालकांपासून लांब चालत आले, धापा टाकत, हळू आवाजात त्यांनी एकेक आकडा सांगितला. नीट, शाळेत पाढे म्हणावेत तसा. तो जुना आकडा होता. मी म्हणाले, आबा, आता दुसरा आला असेल. ते म्हणाले, "दुसरा? ह्यो खोटा व्हता का?"

दुसरा आकडा टाकला आणि पान पांढरं झालं. कोरं. मी बंद केलेल्या कुठल्यातरी बटणामुळे त्यांचं पुढचं पान उघडत नव्हतं. कुठल्या, ते मला कळेना. मी एकेक बटण उलटं करत गेले, तेव्हा इतक्या आनंदाने दाबलेली ती बटणं. दर वेळी साइट मला नवी समजायची, दर वेळी नवा आकडा मागायची, आणि आबा दर वेळी तो दबक्या आवाजात सांगायचे. सना क्लासला गेली होती. मी बोलावलं तशी ती धावत आली, तिने तिच्या फोनवरून साधा ब्राउझर उघडला. त्यावर पान नीट आलं. त्यावर लिहिलं होतं, आपण जास्त वेळा प्रयत्न केला आहे, उद्या प्रयत्न करा.

उद्या नव्हता. आम्ही तिथल्या कार्यालयात फोन केला. उचलणारे गृहस्थ चांगले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे विमान गेलं तेव्हा थांबलेसुद्धा. मग म्हणाले, बाळ, संध्याकाळी यादी आपोआप पुढे सरकते, माझ्या हातात काही नसतं. खरंच त्यांच्या हातात काही नसणार. कोणाच्याच हातात नव्हतं, हे त्या दिवशी मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की शेवटी मला त्याचा राग येईना, नुसतं बसावंसं वाटलं. गल्लीत तेव्हाच नळ आला होता. मालकीणबाई खालून हाका मारत होत्या, आणि आम्ही दोघी बादल्या घेऊन गेलो. पाणी भरायला तर लागतंच.

आबा तोवर टेकाडावरच होते. मीच फोन केला. म्हणाले, "अजून येक आलता. वाचू का?" मी म्हणाले, नको आबा, वेळ संपली. त्यांनी विचारलं, संपली म्हणजे? मी समजावलं. ती जागा आता दुसऱ्या कोणाला गेली. मागे एक कोकरू ओरडत होतं.

"म्या मालकासमोर बोललो नाय म्हून?"

"नाय आबा. माझ्या मशीनमुळं झालं. मीच सगळं बंद करून ठेवलं होतं."

"मशीनला काय कळतंय," आबा म्हणाले. "मी उशीर केला."

हे भांडण आमच्यात वर्षभर चालू आहे. भांडणसुद्धा नाही ते. मी त्यांना ब्राउझर समजावून सांगते. गावी गेले होते तेव्हा लॅपटॉप उघडून दाखवला, ही बटणं, हे असं पुसलं जातं, हे असं पांढरं होतं. त्यांनी सगळं नीट बघितलं. मग आईला म्हणाले, पोरगी मला वाईट वाटू नये म्हणून सांगती. सना म्हणते, तुम्ही दोघंही बरोबर आहात, उसमें क्या. मला ते पटतं, पण त्याने काही हलत नाही. मी जेवढं म्हणते माझी चूक, तेवढी ती त्यांच्याकडे जाते.

तो ब्राउझर मी अजून वापरते. का, हे नीट सांगता येत नाही. काही बटणं आता चालू ठेवली आहेत, जिथे ओळख लागते तिथे ओळख देते. प्रवेशाच्या कामाला साधाच उघडते. पण संध्याकाळी ते रिकामं पान समोर आलं की अजून बरं वाटतं. कधीकधी वाटतं, सगळीकडे आपली ओळख राहावी यासाठी आबांनी मला शिकायला पाठवलं, आणि मी मात्र मला कोणी ओळखू नये म्हणून बटणं दाबत बसले. पण हा विचार लिहिल्यावर जरा जास्तच नीटनेटका वाटतो. तेव्हा असं काही डोक्यात नव्हतं. वर्गात मोठा मेंढा दिसला होता, आणि तो पुन्हा दिसू नये एवढंच हवं होतं.

हे वर्ष मी इथेच काढलं. गल्लीतल्या मुलांची गणिताची शिकवणी घेते, त्यात जेवणखाण निघतं. घरी काय करतात असं कोणी विचारलं तर मेंढरं म्हणून सांगते. लोक पुढचा प्रश्न विचारतात, किती आहेत, आणि मी आबांसारखीच विषय बदलते. प्रवेशाची परीक्षा पुन्हा दिली. या वेळी नोंदवताना माझा नंबर दिला आहे, आणि तो बरोबर आहे का हे सनाकडून दोनदा तपासून घेतलं. यादी याच आठवड्यात लागेल म्हणतात. कधी ते नक्की नाही.

काल दुपारी काकांचा फोन आला. मेंढरं बरी आहेत, पाणी यंदा लवकर मागे सरकलं, असं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या बापाला सांग काय तरी. सोमवारपासून सकाळी उठला की त्या टेकाडावर जाऊन बसतोय. भाकरी बी तिथंच. मेंढराकडं मी येकटाच." टेकाडावर झाड नाही. मला ते ठिकाण माहीत आहे.

मी आबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणाले, आबा, यंदा तुमच्या फोनवर काहीच येणार नाही. सगळं माझ्या फोनवर येणार आहे, मी नंबर बदललाय, तुम्हाला सांगितलं होतं.

"ठावं हाय मला," आबा म्हणाले.

"मग खाली जावा ना. ऊन किती हाय तिथं."

वारा होता. मला वाटलं फोन कटला, म्हणून मी दोनदा आबा, आबा म्हणाले.

"बसू दे माय," ते म्हणाले. "चुकून हिकडं आला तर. हितं कुणीबी नाय. मोठ्यानं सांगता यील."